हातावरचे पांढरे ठिपके आणि गावातली कुजबुज

हे वाचता वाचता एक काम करा. शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारा आणि हात उजेडात धरा. वय चाळिशीच्या पुढे असेल आणि अर्धा जन्म वावरात गेला असेल, तर मनगटापासून कोपरापर्यंत, हाताच्या बाहेरच्या अंगाला, बारीक पांढरे ठिपके दिसण्याचा बराच संभव आहे. मोहरीएवढे, फार तर ज्वारीच्या नाहीतर तुरीच्या दाण्याएवढे. कुणाला चार, कुणाला चाळीस. धोतर किंवा पायजामा वर खोचून पाटाच्या पाण्यात उभे राहणाऱ्यांच्या नडगीवरही ते असतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत. एक दिवस आंघोळ करताना नजर जाते आणि माणूस तिथेच थबकतो.

आजच्या पानावर खरे तर कापसाच्या ओलाव्यावरून होणाऱ्या कपातीबद्दल लिहायचे होते. तो विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला. कारण हे ठिपके लहान असले तरी त्यांच्यापायी माणसे काय काय करून बसतात, ते नुकतेच डोळ्यांनी पाहिले.

दिवाळीनंतर तालुक्यातल्या एका गावी जाणे झाले. ओळखीचे एक शेतकरी, वय साठीच्या पलीकडे. घरात पाहुणे यायचे होते. बाहेर ऊन चांगलेच तापलेले आणि हा माणूस फुल बाहीच्या सदऱ्याची बटणे मनगटापर्यंत लावून ओसरीवर बसलेला. घामाने पाठ भिजलेली. ‘बाह्या तरी वर करा,’ म्हटले तर इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, ‘नातीचं लगन जमून राह्यलं. पाव्हण्यायनं हात पाह्यला त सोयरीक मोडन.’ मग आत नेऊन हात दाखवला. तेच ठिपके, वीस-पंचवीस असतील. पण त्यांच्या भोवती भाजल्यासारखे काळे डाग पडले होते.

ते काळे डाग कुठून आले, त्याची हकीकत अशी. बाजाराच्या गावी रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या एका ‘वैदाने’ हात बघताच मान हलवली होती. ‘महारोगाची सुरुवात आहे, आत्ताच आवरले नाही तर बोटे जातील,’ असे सांगून त्याने पोटात घ्यायची पूड आणि हाताला लावायचे तेल दिले. तेल लावून सकाळच्या उन्हात बसायचे. आठ दिवसांत हाताला फोड आले. ते फुटले, चिघळले, महिनाभर डवरणी गड्यावर सोडावी लागली. दोन क्विंटल तुरीचे पैसे त्यात गेले. ठिपके होते तिथेच आहेत. दोन वर्षे हा माणूस घरच्यांपासून हात लपवून वागतो. नातवंडांना मांडीवर घेत नाही. पाण्याचा पेला त्याने स्वतःच वेगळा काढून ठेवला, कुणी सांगितले नव्हते.

‘दवाखान्यात का नाही गेलात?’ या प्रश्नावरचे उत्तर सरपंच आणि आरोग्यसेवकांनी नीट ऐकावे असे आहे. ‘आशाताई गावातलीच हाय. तिले दाखवलं त संध्याकाळपावतर गावभर होते.’

शेवटी दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हात पाहिला, डोळे मिटायला लावले, कापसाचे टोक ठिपक्यांवर आणि आजूबाजूला टेकवून ‘कुठे लागले, बोट ठेवा’ असे विचारले. प्रत्येक वेळी बोट बरोबर जागी गेले. मग पायाच्या नडग्या पाहिल्या, पाठ पाहिली. पाच मिनिटांचे काम. ‘बाबाजी, हा रोग नाही. वयाचं आणि उन्हाचं आहे. औषध लागत नाही. भाजलेल्या जागेला मात्र मलम देतो.’ दोन वर्षांचे ओझे पाच मिनिटांत उतरले. पण तुरीचे पैसे गेले ते गेले.

आता हे ठिपके आहेत तरी काय, ते समजून घेऊ. डॉक्टरी पुस्तकात त्याला इडिओपॅथिक गटेट हायपोमेलॅनोसिस म्हणतात. नाव मोठे, लक्षण छोटे. ‘गटेट’ म्हणजे थेंबासारखे, ‘हायपोमेलॅनोसिस’ म्हणजे रंग कमी होणे आणि ‘इडिओपॅथिक’ म्हणजे नेमके कारण अजून सांगता येत नाही, अशी डॉक्टरांनी दिलेली प्रामाणिक कबुली. आपल्या कातडीच्या वरच्या थरात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जो रंग करतात त्याला मेलॅनिन म्हणतात. तोच आपल्याला सावळे करतो आणि उन्हापासून राखतोही. तिशीनंतर या पेशी दर दहा वर्षांनी थोड्या थोड्या कमी होत जातात. जिथे वर्षानुवर्षे ऊन लागले तिथे कुठे कुठे एखाद्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत त्या फारच कमी उरतात किंवा काम थांबवतात. तेवढी जागा पांढरी दिसते, एवढेच. डोक्याचे केस पिकतात तसाच हा प्रकार. केस पिकले म्हणून कुणी पाण्याचा पेला वेगळा ठेवत नाही.

ऊन हे मोठे कारण असावे, असे मानण्यास आधार आहे, कारण ठिपके मुख्यतः हाताच्या बाहेरच्या बाजूला आणि नडगीवर येतात. पण एकट्या उन्हाचे काम नाही. काही घराण्यांत ते जास्त दिसतात, तेव्हा वारसाही असावा. कधी उन्हात न गेलेल्यांनाही येतात. एकदा आलेला ठिपका सहसा आहे तेवढाच राहतो, पसरत नाही, शेजारच्या ठिपक्याला जाऊन मिळत नाही. वय वाढते तसे नवे ठिपके मात्र येत राहतात, त्याने घाबरून जाऊ नये. त्यांचा कर्करोग होत नाही. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. एका ताटात जेवा, एका खाटेवर झोपा, काही होत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने हे होते, असे आपल्याकडे हटकून सांगतात, त्याला आधार नाही. ‘युरियाच्या पाण्यानं फुटलं’ असेही ऐकले. तेही खरे नाही.

इलाज? शहरातले चामडीचे डॉक्टर अतिथंड वायूने ते ठिपके गोठवतात, काही मलमेही देतात. कुणाचा फरक पडतो, कुणाचा नाही. तो दिसण्यापुरता खटाटोप आहे, ज्याला हौस आणि पैसा असेल त्याने करावा. शेतकऱ्याला त्याची काडीइतकी गरज नाही.

इथे कापूस पिकवणाऱ्यांना एक ओळखीची गोष्ट आठवेल. थंडी सुरू झाली की कपाशीची पाने लाल पडतात. लाल्या आला, असे आपण म्हणतो आणि पंप पाठीवर घेऊन धावतो. एक फवारा, दुसरा फवारा, दुकानदार म्हणेल ते मिसळायचे. कृषी विद्यापीठाची माणसे किती वर्षांपासून कंठरवाने सांगत आली आहेत की लाल्या ही बहुतेक वेळा विकृती आहे, जंतूंचा रोग नव्हे. रात्रीचे तापमान उतरले, मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडले, बोंडांनी झाडाची ताकद ओढून घेतली की पान लाल होते. त्यावर बुरशीनाशक मारून काय उपयोग? पण त्याच वावरात तुडतुड्यांनीही पाने लाल केलेली असू शकतात आणि तिथे दुर्लक्ष केले तर पीक जाते. म्हणून जाणता शेतकरी पान उलटून पाहतो. खालून तुडतुडे पळाले तर एक उपाय, नाही पळाले तर दुसरा. कातडीच्या डागाचेही असेच आहे. डाग पाहून पळत सुटू नये आणि डोळेझाकही करू नये. पान उलटून पाहावे.

ते कसे पाहायचे?

आधी कोड. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफटक असतो. तो ठिपक्यासारखा सुरू झाला तरी वाढतो, दोन डाग एकमेकांत मिळतात. ओठ, डोळ्यांभोवती, बोटांची टोके, गुडघे, कोपर, घोटे या जागा त्याला आवडतात आणि बरेचदा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा येतो. त्यावरचे केसही पांढरे होऊ लागतात. वयाच्या ठिपक्यांवरचा केस बहुतेक काळाच राहतो. कोड कोणत्याही वयात येते, पोरवयातही. कोडही सांसर्गिक नाही. आणि कोड म्हणजे कुष्ठरोग तर मुळीच नाही. ही गल्लत आपल्या शब्दांनीच केली. जुन्या वैद्यकात कुष्ठ हा शब्द कातडीच्या कितीतरी विकारांना लावत असत. त्यातून कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटले गेले आणि एका शब्दापायी हजारो पोरींची लग्ने अडली. कोडावर औषधे आहेत, प्रकाशाचे उपचार आहेत. लवकर सुरू केले तर बऱ्याच जणांना रंग परत येतो. सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, नागपूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा विभाग आहे, तिथे दाखवावे.

पांढरा डाग बरोबर टिकलीएवढा कपाळावर असेल किंवा रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पट्ट्याच्याच आकाराचा असेल, तर टिकलीचा डिंक किंवा ते रबर सोसत नाही असे समजावे. टिकली सोडून पिंजर लावावी, चप्पल बदलावी आणि डॉक्टरला दाखवावे.

पावसाळ्यात पाठीवर, मानेवर फिकट, बारीक कोंडा सुटणारे चट्टे येतात ते शिबं. ती बुरशी आहे, मलमाने जाते. लहान पोरांच्या गालावरचे फिकट चट्टे बहुधा कोरड्या कातडीचे असतात. आई लगेच जंताचे औषध आणते. जंताचे औषध शाळेतून मिळते तेव्हा जरूर द्यावे, पण गालाच्या चट्ट्याशी त्याचा संबंध लावू नये.

आणि आता कुष्ठरोग. याच्यावर थोडे थांबू, कारण खरी भीती ही आहे आणि खरी चूकही इथेच होते.

कुष्ठरोगाचा चट्टा पांढराशुभ्र नसतो. तो भोवतालच्या कातडीपेक्षा फिकट किंवा तांबूस असतो. हाताच्या पंजाएवढाही असू शकतो. त्यावर घाम येत नाही, केस विरळ होतात, कधी कातडी तेलकट चमकते. आणि मुख्य खूण म्हणजे तिथे बधिरपणा असतो. माणसाने डोळे मिटावेत, दुसऱ्याने कापसाच्या पेळूचे टोक चट्ट्यावर अलगद टेकवावे. शेजारच्या कातडीवर कळते आणि चट्ट्यावर कळत नाही, असे झाले तर एक दिवसही वाया घालवू नये. काही जणांना चट्टाच दिसत नाही. चेहऱ्याची कातडी जाड व चकचकीत होते, कानाच्या पाळीवर गाठी येतात, हातापायांना मुंग्या येतात, बोटांतली ताकद जाते, पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. विळा लागला, चुलीचा चटका बसला तरी दुखले नाही, हीही खूण आहे.

वैद्यकीय अधिकारी जे म्हणाले ते इथे सांगितलेच पाहिजे. ‘ज्यांना काही नाही ते घाबरून लपवतात. ज्यांना दाखवायला हवे त्यांना दुखत नाही, खाजत नाही, म्हणून ते फिरकत नाहीत.’ दुखत नाही म्हणजे बरे आहे, असे आपले गणित असते. या रोगात ते गणित उलटे आहे. जंतू मज्जातंतूंवर बसतो, म्हणून दुखणे बंद होते. दुखणे बंद झाले की जखमा होत राहतात आणि बोटे वाकडी होतात. वेळीच औषध घेतले तर यातले काहीही होत नाही.

औषध आहे, आणि ते फुकट आहे. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला, पण जंतूला पुरते मारणारा इलाज यायला आणखी शंभरावर वर्षे लागली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. त्यालाच बहुविध औषधोपचार म्हणतात. गोळ्यांची पाकिटे सरकारी दवाखान्यात मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने गोळ्या घ्यायच्या. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती संपते. दवाखान्यात भरती व्हावे लागत नाही, वावरातले काम सोडावे लागत नाही, घर तर मुळीच सोडावे लागत नाही. बहुसंख्य माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद मुळातच असते. रोग आनुवंशिक नाही. घरात रुग्ण निघाला तर बाकीच्यांना तपासून खबरदारीची एक मात्राही दिली जाते.

देशाच्या पातळीवर १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये गाठले गेले. त्या आकड्याने एक नुकसान केले. रोग गेला, असा सगळ्यांचा समज झाला. रोग गेलेला नाही. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, नवे रुग्ण आजही सापडतात. सापडतात ही चांगलीच गोष्ट आहे. न सापडलेल्यांची चिंता मोठी.

आपण विदर्भातली माणसे आहोत, या बाबतीत आपल्याला अनाडी राहणे शोभत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हाताने धुतल्या. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले आणि १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवनाची सहल आपल्या शाळांनी कितीदा काढली असेल! पोरे तिथल्या माणसांच्या हातच्या वस्तू विकत घेऊन येतात. आणि त्याच पोरांच्या घरी आजोबाच्या हातावर वयाचे ठिपके दिसले तर पेला वेगळा निघतो.

कायदाही बदलला. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांना वेगळे काढणारा कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. कचेरीतल्या कागदावर इतका बदल झाला. ओसरीवर मात्र अजून फुल बाहीची बटणे लागतात.

उन्हाबद्दल दोन शब्द. वावरातले काम उन्हातच होणार, सावलीत बसून तूर सोंगता येत नाही, हे आम्हाला कळते. पण आपल्या बाया यात पुरुषांपेक्षा शहाण्या आहेत. वेचणीला जाताना त्या साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात. कापसाच्या बोंडाने हात ओरखडत नाहीत आणि ऊनही अडते. पुरुष मात्र बाह्या दुमडून, बनियनवर कामाला लागतो. सकाळी दहा ते दुपारी तीन-चार या वेळात अंगाला लागणारे ऊन सर्वांत कडक असते. तेवढ्या वेळात बाही खाली असावी, डोक्याला दुपट्टा असावा. आलेले ठिपके त्याने जाणार नाहीत. पण कातडी लवकर सुरकुतते, काळवंडते, ते कमी होईल. आणि उन्हातल्या जागी, जुन्या भाजलेल्या वणावर किंवा कंबरेला धोतर-लुगडे आवळून बांधतो त्या जागी एखादी जखम महिना-दीड महिन्यात भरलीच नाही, तर ती दवाखान्यात दाखवावी. ठिपक्यांना घाबरण्यापेक्षा अशा जखमेला घाबरलेले बरे.

तेलाबद्दलही सांगून टाकतो. बावचीचे तेल लावून उन्हात बसले की कातडी भाजते, फोड येतात. बावचीचा गुणच तो आहे. जाणकार वैद्य ती मोजून-मापून, वेळ ठरवून वापरतात. तंबूवाला मोजत नाही. बिब्बा घासण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे, बिब्ब्याने कातडी उलते. आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोरे करणाऱ्या, खाज थांबवणाऱ्या ट्यूबा! त्यातल्या पुष्कळांत स्टिरॉइड असते. महिनोन्महिने चोळले तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. २०१८ साली सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. दुकानदार चिठ्ठी मागत नसेल तर त्याचे चुकते. आपणही मागून घेऊ नये.

आता गावच्या कारभाऱ्यांकडे वळू. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि ज्यांना आपण आजवर ग्रामसेवक म्हणत आलो ते ग्रामपंचायतीचे अधिकारी, यांच्यासाठी हा भाग आहे.

दरवर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोग निवारण दिन असतो. २०१७ सालापासून ‘स्पर्श’ अभियानात त्या दिवशी ग्रामसभेत आवाहन वाचायचे आणि प्रतिज्ञा घ्यायची, असे ठरलेले आहे. बऱ्याच गावी हे होते कसे, ते आपण जाणता. कागद येतो, सहीची वही फिरते, फोटो निघतो आणि सभा संपते. यंदा थोडे वेगळे करून पाहा. आरोग्यसेवकाला अर्धा तास द्या. एक कापसाचा पेळू आणायला सांगा. गावातल्या एखाद्या साठीच्या माणसाने, शक्य तर सरपंचाने स्वतःच, सभेत बाही वर करून हातावरचे ठिपके दाखवावेत आणि हे काय आहे, काय नाही, ते सगळ्यांसमोर ऐकवावे. एका सभेत जेवढी कुजबुज थांबेल तेवढी दहा फलकांनी थांबणार नाही.

दुसरे, आशाताईंची अडचण समजून घ्या. त्या घरोघर जाऊन विचारतात, ‘कुणाच्या अंगावर चट्टा आहे का?’ ओसरीवर चार माणसांसमोर कोण हो म्हणेल? बायकांना बायकांनी आतल्या खोलीत आणि पुरुषांना आरोग्यसेवकाने एकट्यात तपासावे, अशी व्यवस्था पंचायतीने जागा देऊन करता येते. अंगणवाडीची खोली दुपारी रिकामी असते. आणि कुणाचे काय निघाले ते बाहेर फुटू नये, याची जबाबदारी गावच्या प्रमुखांनी उघडपणे आपल्याकडे घ्यावी. आमच्या त्या बाबाजींनी दोन वर्षे हात लपवला तो रोगाच्या भीतीने कमी आणि गावाच्या तोंडाच्या भीतीने जास्त.

वेचणीच्या दिवसांत बाहेरून मजुरांच्या टोळ्या येतात. एखाद्या बाईच्या हातावर ठिपके दिसले म्हणून तिला पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत, हे काही वावरांत आजही चालते. शेतमालकाने तिथल्या तिथे बोलावे. टोळी मालकाचे ऐकते.

शेवटची गोष्ट भिंतींची. एसटीने तालुक्याला जाताना मोजून पाहा. पुलाच्या कठड्यावर, मुतारीच्या भिंतीवर, कधी ग्रामपंचायतीच्याच आवाराला ‘सफेद दाग, शर्तिया इलाज’ असे रंगवलेले असते, खाली मोबाईलचा नंबर. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांच्या इलाजाची अशी जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत कुष्ठरोग आणि पांढरे कोड हे दोन्ही आहेत. म्हणजे भिंतीवरची ती ओळ हीच मुळी कायद्याच्या विरुद्ध आहे. औषध खरे की खोटे, हा वाद घालायचीसुद्धा गरज नाही. पोलीस पाटलांनी तिचा फोटो काढून ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्यावी. बाजाराच्या दिवशी तंबू लागला तर बाजाराची पावती फाडणाऱ्याने तो कसला आहे ते आधी विचारावे. पावती देऊन आपणच त्याला ओटा दिला तर नंतर बोंब मारण्यात अर्थ नाही. आणि जी भिंत पंचायतीच्या मालकीची आहे तिच्यावरची ओळ पुसायला तर कुणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. पोळ्याच्या आधी मारुतीच्या पाराला द्यायचा चुना ग्रामपंचायतीत पडलेलाच असतो.